दमास्कवरचं उलटं फूल

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, दमास्क म्हणजे काय ते एकट्या त्यालाच ठाऊक. कात्र्यांना धार लावायला येतो तो धारवाला म्हणतो, "दमास्क म्हणजे पोलाद हो बाई. पात्यावर पाण्यासारख्या लाटा दिसतात ना, ते. कापडाला कुणी दमास्क म्हणतं का?" कोपऱ्यावरची फुलवाली म्हणते, दमास्क हा गुलाब, अत्तराचा. दोघांची एकदा माझ्याच दारात जुंपली. शेवटी एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं सांगितलं की दमास्कस नावाचं फार जुनं शहर आहे, हजारो वर्षांचं. कापड, पातं, गुलाब, तिघांनाही त्याच गावाचं नाव चिकटलं. मी म्हटलं, म्हणजे एका माहेरच्या तीन लेकी. सासरी गेल्यावर कोण कुणाला ओळख देतं!

मी तीन इयत्ता शिकलेली. ते शहर मला नकाशात दाखवता यायचं नाही. पण दमास्कचं कापड मी पंचेचाळीस वर्षं रफू केलंय, आणि त्याचा स्वभाव मला सख्ख्या जावेपेक्षा जास्त कळतो. पांढऱ्यावर पांढरी नक्षी. समोरून बघाल तर कोरं कापड. खिडकीतून तिरका उजेड आला आणि तुम्ही जरा वाकून पाहिलंत, की पानं, वेली, फुलं वर येतात. रंग नाही, भरतकाम नाही. धागा कुठे वरून गेला आणि कुठे खालून, एवढाच खेळ. सुलट्या बाजूला फूल चमकतं आणि जमीन मंद असते. उलटं केलं की जमीन चमकते आणि फूल विझतं.

त्यामुळे आमच्या रफूच्या खोलीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो त्या शिकलेल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक नसणार. एखादी समोरून गोड बोलली आणि आत काटा ठेवला, लेकी बोले सुने लागे अशातलं, की बायका म्हणतात, "दमास्क मारला." आणि एखादी काही लपवत असली की, "ती दमास्क आहे गं, हिला बाजूनं बघावं लागतं."

मला तसं तोंडावर कुणी म्हटलं नाही. कुणाची टाप होती? पण अठरा वर्षं मी दमास्कच होते. मला बाजूनं बघू शकेल अशी एकच होती, आणि ती मेली.

ती माझी सून.

खालच्या दुकानात माझा मुलगा इस्त्री करतो. वर आमची खोली. लांब टेबल, सहा बायका आणि पश्चिमेला एकच मोठी खिडकी. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे या खोलीतलं सिंहासन. जिचा हात सर्वांत चांगला, तिची ती जागा. सून आली तेव्हा ती माझी होती. दोन वर्षांत तिची झाली. मीच दिली. हात कसा आहे ते मला दिसत होतं, आंधळी नव्हते. पण दिली म्हणजे गिळली असं नाही. ती कामाला बसली की आधी बारीकसं खाकरायची, मग सुई ओवायची. कुणी जवळ उभं राहिलं की म्हणायची, "जरा उजेड सोडता का?" मलाही म्हणायची. माझ्या खोलीत! मी तिचं नाव ठेवलं उजेडबाई. बायका हसल्या. तीही हसली, आणि ते मला जास्त झोंबलं.

मग एका मोठ्या घराण्याचा टेबलक्लॉथ आला, चोवीस माणसांच्या पंगतीचा. सिगारेटनं दोन भोकं पडलेली. पहिलं भोक तिनं दोन दिवसांत असं भरलं की मलाही शोधावं लागलं. दुसरं भरायचं होतं, कापड दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं, आणि खालून निरोप आला की पोरीला ताप चढलाय. पोर म्हणजे माझी नात, तेव्हा तीन वर्षांची. सून म्हणाली, "आई, मी पहाटे येऊन भरते." मी म्हटलं, "जा तू."

ती गेली, बायका गेल्या, आणि मला खुमखुमी आली. म्हटलं, हिला खिडकी लागते, मला लागत नाही. उन्हं उतरलेली, डोक्यावर दिवा, आणि मी बोटांच्या भरवशावर बसले. रफूसाठी कापड ताणून धरायच्या गोल रिंगीत ते उलटं ताणलं गेलं होतं. डोक्यावरच्या दिव्यात दमास्कची उलटी बाजू आणि सुलटी बाजू सारखीच दिसते. हात सवयीनं भरत गेला, जसं सुलट्या बाजूला भरतात तसं. सुलटं करून उजेडात धराल तर चमकत्या फुलात एक पाकळी मेलेली.

मी धरलं नाही. घडी घातली, कागदात बांधलं, दाराशी ठेवलं. पहाटे सून धावत आली तर गठ्ठा गेलेला.

आठ दिवसांनी कापड परत आलं. सोबत चिठ्ठी, की असल्या हातांकडे आम्ही पुन्हा काम देणार नाही. सगळ्या बायका गोळा झाल्या. मी ते खिडकीत धरलं आणि पाकळी दिसली. त्याच क्षणी मला कळलं की ही माझी. दुसरं भोक मी भरलंय हे खोलीत तिच्याखेरीज कुणाच्या मनातही येणार नव्हतं. बाकी सगळ्यांना वाटत होतं, पहाटे येऊन तिनंच भरलं. मी वर पाहिलं आणि म्हणाले, "बघा गं. उजेडबाईंचा उजेड."

ती जवळ आली आणि मलाच ऐकू जाईल असं एकच वाक्य बोलली. ते मी अठरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग मी कापडाची घडी घातली, तसंच त्या घराण्याकडे परत धाडलं आणि तिला खिडकीतून उठवून कोपऱ्यात बसवलं, उशांच्या अभ्र्यांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी. आठ महिन्यांनी ती म्हणाली, "इथे मला दिसत नाही," आणि कपडे उकळायच्या एका कारखान्यात लागली. वाफेत राहून तिची छाती धरली. तिसऱ्या वर्षी गेली. माझ्या मुलानं मला काही विचारलं नाही. खाली इस्त्री करत राहिला. अजूनही करतोय.

नातीला मी वाढवलं. तिला सगळे ठमी म्हणतात. हात आईचा. पण दमास्कला ती शिवत नाही. साध्या चादरी, अभ्रे, रुमाल, एवढंच. लहानपणी एकदा मी तिला दमास्कची रिंग दिली तर म्हणाली, "नको आजी. माझ्या तापामुळे आईचा हात चुकला ना? मी कच्च्या हाताची लेक." हे तिला कुणी सांगितलं ते विचारू नका. खोलीत सहा तोंडं आहेत, आणि सातवं माझं. मी तेव्हा म्हटलं, "बरं, नको तर नको." बास, एवढंच म्हटलं.

आता एकवीस वर्षांची झाली आणि गेल्या महिन्यात म्हणाली की मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात नोकरी मिळतेय, मशीनवर चादरी दाबायच्या. शनिवारपासून. सुया तिनं बायकांत वाटायला काढल्या. असा हात, आणि मशीनवर! तिला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही अजून जळायचा होता.

त्या सोमवारी त्याच मोठ्या घराण्याची पेटी आली. तिथली म्हातारी वारली, सुनांत कापडं वाटायची होती, त्याआधी रफू. नव्या पिढीला आमचं जुनं प्रकरण कुठलं माहीत! पेटी रेडिओनं उघडली. रेडिओ म्हणजे आमच्याकडची सर्वांत जुनी बाई. हिला बंद करायचं बटण देवानं दिलेलंच नाही.

"अगंबाई, वास बघा! घड्यांमध्ये वाळक्या पाकळ्या घातल्यात. तो फुलवालीचाच गुलाब, दमास्क. दमास्कात दमास्क!"

"वास घ्यायला बोलावलंय का तुला? पसर ते," मी म्हटलं.

तिनं आणि आणखी दोघींनी कापड टेबलावर पसरलं. चार वाजले असतील. ऊन खिडकीतून आडवं आलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलं उठत गेली. त्या फुलांमध्ये ती पाकळी होती. अठरा वर्षं धुतलेली, खळ दिलेली, पेटीत झाकलेली, आणि तशीच मेलेली.

रेडिओ बंद पडली. मी तिला पहिल्यांदाच बंद पडलेली पाहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, हे तर तेच."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठमी अभ्र्यांच्या घड्या घालत होती. "काय तेच?"

ती आली, वाकली, आणि बाजूनं पाहिलं. तिनं ते कापड कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

"हे आईचं?"

मी म्हटलं, "घडी घाला. तमाशा आहे का?"

सगळ्या गेल्यावर मी खोली बंद करत होते. अजून उजेड होता. खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बारीकसं खाकरलं.

मी भिणारी बाई नाही. माझ्या सासूला मी भ्याले नाही, मग कुणाला भिणार? मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. उशीवर बसल्यासारखा खड्डा होता, पण तो जुन्या उशीला असतोच. मी दार लावलं. जिन्यात पुन्हा ऐकलं, या वेळी माझ्या मागे, दोन पायऱ्यांवर.

मंगळवारी बायका जेवायला खाली गेल्या तेव्हा मी ते कापड काढलं. ठरवलं होतं की उसवायचं, नीट भरायचं, आणि संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण कापड मी कसंही धरलं तरी पाकळी दिसायची. सावलीत दिसली. समोरून दिसली, जशी दमास्कची नक्षी कधी दिसत नाही. वर दुसरं पांढरं कापड टाकलं तर त्यातूनही वर आल्यासारखी वाटली. मी कात्रीचं टोक धाग्याखाली घातलं. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, मी कुणाला सांगितलेलं नाही. कानाशी खाकरणं आलं, अगदी सुई ओवायच्या आधीचं. मी म्हणाले, "बस की मग तूच. बस, भर." कात्री सरकली. चांगला धागा तुटला, रफूच्या बाहेरचा. भोक बोटभर वाढलं.

घामानं बोटं ओली. कापडाला डाग पडू नये म्हणून हात पदराला पुसले, ही सवय मेल्यावरही जायची नाही.

बायका वर आल्या तेव्हा रेडिओनं भोक पाहिलं आणि तिला कंठ फुटला. "बाई, हे आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही, रागावू नका. हे एकच पोर करील. ठमीलाच सांगा. आईचं पाप लेक फेडेल."

"पाप?" मी म्हटलं. "तुझी जीभ धारवाल्याकडे दे एकदा, फार बोथट झालीय."

पण म्हणाली ते खरं होतं. भोक भरू शकेल अशी एकच होती. आणि तिला रिंग द्यायची म्हणजे काय, हे मला रेडिओपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ते असं. दमास्कात गाठ मारत नाहीत. गाठ इस्त्रीखाली उठते. शेवटी धागा उरला की तो उभ्या धाग्यांतून मागे नेऊन जिरवायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. प्रत्येक बाईचं शेपूट वेगळं. रेडिओचं सरळ खाली जातं, सुनेचं वर जायचं. माझं दोन धागे डावीकडे सरकतं आणि एकावरून उडी मारतं. बाहेरच्याला यातलं काही दिसायचं नाही. पण आमच्यात शेपूट बघून बाई ओळखतात, जशी शिकलेली माणसं अक्षर बघून ओळखतात. ठमीला मीच शिकवलं होतं. ती मांडीवर बसायची आणि मी जुने अभ्रे उलटून विचारायची, "सांग, हे कुणाचं?" ती कधी चुकली नाही.

मंगळवारची उरलेली दुपार आणि बुधवारभर मी कापडाला हात लावला नाही. दोन्ही दिवस खुर्चीत कुणीतरी काम करत होतं. सुई कापडातून ओढली जाते तेव्हा येतो तेवढाच आवाज. बायका बोलत होत्या, त्यांना ऐकू येत नव्हता.

गुरुवारी मी रिंग उचलली आणि ठमीपुढे ठेवली.

"एवढं करून जा."

"मी दमास्क करत नाही आजी."

"माहीत आहे. नुसतं उसव. भरायचं पुढचं पुढे."

"दुसरं कुणी नाही का?"

"असतं तर तुझी मनधरणी केली असती का मी? आयुष्यात कुणाची केलीय?"

ती थोडी हसली. मग उठली आणि रिंग घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. अठरा वर्षांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. तिनं कापड उलटं केलं, उजेडात तिरकं धरलं, आणि सुईच्या टोकानं धाग्याचा शेवट शोधायला लागली.

सापडला. मला इथून दिसत नव्हतं, पण तिचा हात थांबला तेव्हा कळलं. तिनं बोटानं चाचपलं. दोन धागे डावीकडे. एकावरून उडी. पुन्हा चाचपलं.

"आजी," ती म्हणाली, "हे शेपूट..."

रेडिओ खुर्चीमागून डोकावली आणि तिनंही पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं. मग, माझ्यावर तिची माया म्हणा की सवय म्हणा, ती भराभर बोलली, "तुमच्याकडूनच शिकली असेल ना ती सुरुवातीला? सासूचं शेपूट सून उचलतेच. नाही का बाई?"

दार उघडं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. रेडिओनं संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला पटवून दिलं असतं. शनिवारी ठमी गेली असती, आणि मी खोलीची मोठी बाई म्हणूनच मेले असते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, समोरून.

"नाही," मी म्हटलं. "तिचं शेपूट वर जायचं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. हे माझं आहे. दुसरं भोक मी भरलं, संध्याकाळी, दिव्याखाली, ती घरी गेल्यावर. उलटं मी भरलं."

खाली इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

ठमीनं रिंग खाली ठेवली नाही. "तुला कधी कळलं?"

मोतीबिंदू झालाय, आधी दिसलं नाही, आता उसवताना कळलं. हेही तयार होतं जिभेवर. जीभ माझी, ती रिकामी कधी असते?

"कापड परत आलं त्याच दिवशी. खिडकीत धरलं तेव्हाच."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आई, शेपूट बघू द्या.'"

"आणि तू?"

"मी घडी घातली."

रेडिओ मटकन खाली बसली. बाकीच्या आपापल्या मांडीवरच्या कापडाकडे बघायला लागल्या, जणू त्यांनीच काही केलं होतं. ठमी रडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, रिंग फेकेल. मी तयार होते. तिनं नुसतं विचारलं, "म्हणजे माझ्या तापाचं काही नव्हतं."

"नव्हतं. तुझा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. माझाच उतरला नाही."

"विनोद करू नकोस."

"बरं."

मग ती उसवायला लागली. माझा एकेक धागा तिनं सोडवला, तोडला नाही. वाकडे-तिकडे, जुनाट पिवळे झालेले धागे. सगळे काढून झाल्यावर तिनं ते टेबलावर माझ्यासमोर ठेवले. मग मी न सांगताच तिनं सुई ओवली आणि भरायला घेतलं. मी समोर बसून दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. गुरुवारची उन्हं जाईपर्यंत आणि शुक्रवारी दिवसभर. खाकरणं दोनदा ऐकू आलं, पण ते खुर्चीतून नव्हतं. माझ्याच घशातून होतं की काय, मला अजून सांगता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं शेवटचा धागा जिरवला. शेपूट वर नेलं. कुणी शिकवलं नव्हतं. तिनं कापड उजेडात धरलं आणि बायका भोवती आल्या. फूल पूर्ण होतं. रेडिओ डोळे पुसत म्हणाली, "कुठे होतं गं भोक?" ठमीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हॉटेलात मी उद्या जाऊन सांगते," ती मला म्हणाली. "मशीनवर येणार नाही म्हणून. त्यांच्याकडे रफूची जागा असली तर घेईन. नसली तर बघू. इथे राहीन असं समजू नकोस."

"मी काही समजत नाहीये."

"आणि बाबांना कोणी सांगायचं?"

"मी सांगेन. जेवताना."

"जेवताना नाही. आत्ता."

मी उठले. गुडघे धरले होते, दोन दिवस एका जागी बसलेली. जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खालून इस्त्रीची ऊब आणि ओल्या कापडाचा वास आला. मुलगा पाठमोरा होता. केस किती पांढरे झालेत ते मी वरून पहिल्यांदाच पाहिलं. अठरा वर्षं तो असाच पाठमोरा उभा होता, आणि मला वाटायचं त्याला काही विचारायचं नाही.

ठमी माझ्या आधी उतरायला लागली. हात दिला नाही, पण दर पायरीवर मी पोचेपर्यंत थांबत होती.